‘होबो’ला मराठीत काय म्हणावे?

मालडबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकन लेखक जॅक लंडन यांच्या रेल्वेवरील भटकंतीच्या आठवणींपैकी दोन प्रकरणांचा अनुवाद करीत आहे. या आठवणी १९०७ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील बरेचसे प्रसंग १८९४ मधले, म्हणजे लेखक अवघा अठरा वर्षांचा असतानाचे आहेत. मालगाडीच्या डब्यात, दोन डब्यांमधल्या जागेत, छपरावर आणि प्रसंगी डब्याच्या पोटाखाली लपून अमेरिका पालथी घालणाऱ्या या माणसांना तिकडे ‘होबो’ म्हणत. पहिल्याच परिच्छेदात मी या शब्दापाशी अडलो आहे.

संपादक ‘भणंग’ सुचवतात. मला तो पटत नाही, कारण होबो हा मुळात कामासाठी फिरणारा माणूस होता. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर घरी मन न रमलेले सैनिक, १८७३ च्या मंदीत बेकार झालेले मजूर आणि त्याच काळात देशभर पसरत चाललेले लोहमार्ग यांतून हा वर्ग उभा राहिला. उन्हाळ्यात गव्हाची कापणी, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापण्याचे काम, मधल्या दिवसांत लाकूडतोड किंवा रूळ टाकणे, असे त्यांचे वर्ष जात असे. त्यांच्यात एक वर्गवारीही प्रसिद्ध होती. फिरतो आणि काम करतो तो होबो, फिरतो पण काम करत नाही तो ट्रॅम्प, आणि जो फिरतही नाही व कामही करत नाही तो बम. तिसऱ्यासाठी माझ्याकडे ‘ऐतखाऊ’ तयार आहे. पहिल्या दोघांसाठी आपण सुचवावे.

सुमेधा

ट्रॅम्पला ‘फिरस्ता’ चालेल. होबोला ‘फिरता मजूर’ म्हणता येईल, पण तो शब्द सरकारी अहवालातला वाटतो. ‘उडाणटप्पू’ कृपया नको. त्यात घरच्यांच्या जिवावर उड्या मारणारा मुलगा दिसतो.

वात्रटवारा

व्युत्पत्ती माझ्याकडून घ्या. गार्डाने “तिकीट आहे का?” असे दरडावून विचारल्यावर जो निर्विकारपणे “हो, बुवा” म्हणतो, तो होबो. शब्द मराठीच आहे, अनुवादाची गरज नाही.

शिकागोतला_पुणेकर

वात्रटवारा यांची व्युत्पत्ती तिकडच्या व्युत्पत्तींपेक्षा फार वाईट नाही. कुणी म्हणतात, कुदळ घेऊन शेतावर जाणारा पोऱ्या या अर्थाच्या शब्दावरून ‘होबो’ आला; कुणी म्हणतात, युद्धानंतर घराकडे निघालेल्या सैनिकांवरून आला; कुणी न्यू जर्सीतल्या होबोकेन या गावाकडे बोट दाखवतात. खात्रीचा पुरावा एकाही मताला नाही. शब्द छापील मजकुरात दिसू लागतो तो १८९० च्या आसपास.

मी शिकागोत राहतो, म्हणून या शहराविषयी थोडे लिहितो. देशातले बहुतेक मोठे लोहमार्ग इथे येऊन मिळत, आणि त्यामुळे शिकागो ही होबोंची राजधानीच होती. शहराच्या पश्चिमेकडील मॅडिसन स्ट्रीटवर त्यांची स्वस्त निवासगृहे, खाणावळी, जुन्या कपड्यांची दुकाने आणि मजूर पुरवणाऱ्या दलालांच्या कचेऱ्या ओळीने होत्या. कचेरीबाहेरच्या फळ्यावर कुठे किती माणसे हवीत ते खडूने लिहिलेले असे, आणि दलालाला पैसे दिल्यावरच कामाची चिठ्ठी मिळे. समाजशास्त्रज्ञ नेल्स अँडरसन यांचा या वस्तीवरचा अभ्यास १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि ते स्वतः तरुणपणी असेच फिरलेले होते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे शिकागोतल्या बेघर पुरुषांची संख्या चांगल्या दिवसांत ३०,००० असे आणि मंदीत ७५,००० पर्यंत जाई. हे दलाल आणि कामावरचे मुकादम संगनमताने माणसे भराभर काढून टाकीत आणि पुन्हा नव्या माणसांकडून दलाली घेत, अशी मजुरांची कायमची तक्रार होती. तेव्हा एक टोळी कामावर, एक कामाच्या वाटेवर आणि एक काढून टाकल्यावर परतीच्या वाटेवर, असा विनोद त्यांच्यात चाले.

मालडबा, ‘फिरता मजूर’ सपक वाटला तरी अर्थाने तोच बरोबर आहे.

निवृत्त_गार्ड

मी भुसावळ विभागात मालगाडीवर गार्ड म्हणून ३१ वर्षे काढली. आता आमच्या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. ते नाव येण्याआधीच मी सुटलो. अमेरिकेतला माझा अनुभव शून्य आहे, परंतु वाघिणी (मालगाडीचे डबे) कुठल्याही देशातल्या असोत, त्यांची वागणूक सारखीच असते, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट झटक्याची. दोन वाघिणी जोडणाऱ्या कपलिंगमध्ये थोडी ढील असते. उभी गाडी सुटते तेव्हा इंजिन आधी पहिल्या वाघिणीला ओढते, मग ती दुसरीला, आणि असा खडाखड आवाज गाडीभर धावत शेवटपर्यंत येतो. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे शेवटच्या गार्डाच्या डब्यात, बसलेल्या माणसाला तो आवाज लांबून येताना ऐकू येतो आणि तो आधीच कठडा धरतो. वाघिणीच्या काठावर पाय सोडून बसलेला, अर्धवट झोपेतला माणूस त्या एका झटक्याने खाली जाऊ शकतो. दुसरी गोष्ट चढण्याची. यार्डातून निघालेली गाडी लांबून पाहताना बैलगाडीसारखी संथ वाटते. जवळ जाऊन दांडी धरली की हात गाडीबरोबर जातो आणि पाय खडीवरच राहतात. नवीन पोरांना आम्ही नेहमी सांगायचो की धावत्या वाघिणीची पुढची शिडी धर, मागची धरू नकोस. पुढची सुटली तर माणूस वाघिणीच्या अंगावर आपटून बाहेर पडतो, मागची सुटली तर दोन वाघिणींच्या मध्ये जातो.

मालडबासाहेब, डब्याच्या पोटाखाली माणूस नेमका कुठे बसत असे, हे त्या पुस्तकात आहे का? मला ते डोळ्यांपुढे येत नाही.

मालडबा

गार्डसाहेब, हेच मला आपल्यासारख्या माणसाला विचारायचे होते. जागा दोन प्रकारच्या होत्या. जुने डबे लाकडी असत, आणि त्यांची तळफळी खाली वाकू नये म्हणून पोटाखालून लांबच लांब लोखंडी सळ्या ताणलेल्या असत. काही जण त्या सळ्यांवर फळी टाकून आडवे होत. डब्याचे सांगाडे पोलादी झाल्यावर सळ्या गेल्या आणि ती जागाही गेली. लंडन मात्र म्हणतात की खरा वाकबगार गडी प्रवासी डब्याच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, दोन चाकांच्या जोड्यांमधल्या आडव्या दांडीवर, धावत्या गाडीत शिरत असे.

त्या जागेवरच्या माणसाला हुसकण्याची एक रीत त्यांनी वर्णिली आहे. ब्रेकवाला (गाडीचे ब्रेक सांभाळणारा रेल्वेचा नोकर) कपलिंगची लोखंडी खीळ दोरीला बांधून दोन डब्यांच्या मधून खाली सोडतो आणि दोरी हळूहळू ढिली करतो. खीळ रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर आपटते, उसळून डब्याच्या तळाला लागते, पुन्हा स्लीपरवर येते. दोरी मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवली की खाली लपलेल्या माणसाला चुकवायला जागा राहत नाही. हा परिच्छेद मी चार वेळा लिहून चार वेळा खोडला आहे.

मीनलताई

वाचून अंगावर काटा आला. आणि ही माणसे हौसेने जात असत?

अर्धविराम

मीनलताई, हौसेचा भाग होताच, पण किंमतही ठरलेली होती. थांबून निवांत बघायला वेळ नसेल तर हे आयुष्य कसले, अशा आशयाची एक छोटी इंग्रजी कविता आम्हाला शाळेत होती. तिचे कवी डब्ल्यू. एच. डेव्हिस हे वेल्समधले, आणि अमेरिका-कॅनडात त्यांनी कित्येक वर्षे अशीच काढली होती. १८९९ साली क्लोंडाइकच्या सोन्याकडे जात असताना कॅनडातील रेनफ्रू येथे धावती गाडी पकडताना त्यांचा पाय चाकाखाली गेला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. पुढे ते लाकडी पाय लावून वावरले, आणि कवी झाले ते त्यानंतर. शाळेत बाईंनी गाई, मेंढ्या, खारी आणि तारे समजावून सांगितले होते. पायाविषयी कुणी बोलले नव्हते.

तर्ककठोर

सगळे हळवे झाले आहेत, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे, मग तो ओहायोत केलेला असो की ठाण्यात. लोकलमध्ये पकडला गेलेला माणूस आपल्याला फुकट्या वाटतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचा परदेशी फुकट्या स्वातंत्र्याचा यात्रेकरू वाटतो. हा दुटप्पीपणा आहे. शिवाय ती होबो-हा-कष्टकरी ही वर्गवारी कोणी केली? स्वतः होबोंनीच. प्रत्येक जण आपल्याखाली आणखी एक पायरी शोधत असतो. लंडन स्वतः त्या दिवसांत काम किती करीत असत, हेही मालडबा यांनी सांगावे.

शिकागोतला_पुणेकर

तर्ककठोर यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे, पहिला अर्धाच. गव्हाचा हंगाम टेक्सास-ओक्लाहोमापासून सुरू होऊन उत्तरेकडे डाकोटापर्यंत सरकत जाई, आणि त्याच्याबरोबर हजारो माणसे सरकली नाहीत तर पीक शेतात उभेच राहील, हे शेतकऱ्यांना आणि रेल्वे कंपन्यांनाही ठाऊक होते. गहू वाहून नेऊनच कंपन्यांचे पोट भरत होते. त्यामुळे कापणीच्या दिवसांत मालगाडीवरच्या माणसांकडे काणाडोळा होई आणि कापणी संपली की त्याच माणसांवर सोटे पडत. रेल्वेच्या पोलिसाला होबोंच्या भाषेत ‘बैल’ म्हणत. हा शब्द मात्र अनुवादात जसाच्या तसा बसेल. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या ‘वॉब्ली’ कामगार संघटनेने या फिरत्या मजुरांत बरेच सभासद केले, आणि कापणीच्या भागात तिचे लाल सभासदपत्र दाखवले की ब्रेकवाले पुष्कळदा तिकीट मानून घेत.

मालडबा

लंडन काम फारसे करीत नसत. बहुतेक वेळा ते दारोदार जाऊन गोष्टी रचून जेवण मिळवीत, आणि ऐकवलेल्या थापांमुळेच आपण कथालेखक झालो असे त्यांनीच लिहिले आहे. ते स्वतःला कधी होबो म्हणवतात, कधी ट्रॅम्प.

आणखी एक माहिती, कारण एका प्रकरणाचा विषयच तो आहे. १८९४ मध्ये नायगारा धबधबा पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे गावातून चालत असताना त्यांना भटकेगिरीच्या आरोपाखाली पकडले. न्यायाधीशापुढे सोळा जण उभे होते. प्रत्येकाला साधारण पंधरा सेकंद मिळाले आणि एक सोडून सर्वांना तीस दिवस मिळाले. एकाने आपण काम सुटल्यामुळे नवे काम शोधत निघालो आहोत असे सांगून पाहिले. त्याला काम सोडल्याबद्दल आणखी तीस, म्हणजे एकूण साठ दिवस मिळाले.

ओमाहाची_लेक

मी नेब्रास्कात ओमाहाला असते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर आयोवातील ब्रिट या छोट्या गावी गेले होते. तिथे १९०० साली पहिले होबो अधिवेशन झाले आणि आता ते दरवर्षी भरते. गावाचे नाव व्हावे म्हणून गावकऱ्यांनीच होबोंना बोलावून आणले होते, हे ऐकून मला फार गंमत वाटली.

मोठमोठ्या कढयांत मांस, बटाटे, कोबी, गाजर आणि जे हाती लागेल ते टाकून केलेली रसभाजी शिजत होती. तिला ते मलिगन म्हणतात. रुळांजवळच्या मुक्कामाला ‘जंगल’ म्हणत, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाने कांदा, हाड, मूठभर डाळ असे काहीतरी आणून त्यात टाकायचे, ही जुनी रीत आहे. मग मते मागण्याची भाषणे झाली आणि टाळ्यांच्या गजरावरून राजा-राणी निवडले गेले. मुकुट कॉफीच्या पत्र्याच्या डब्यातून कापून काढलेला असतो. आमच्या पुढच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी आपला जुना मुकुट पिशवीतून काढून मला हातात धरू दिला. कडा पक्कडीने आत वळवून गुळगुळीत केलेल्या होत्या, तरीही एका ठिकाणी बोटाला टोचलेच.

गावच्या स्मशानभूमीत होबोंसाठी वेगळा कोपरा आहे. तिथे गेलेल्यांची नावे पुकारतात. कुणी वारले असे ते म्हणत नाहीत. त्याने पश्चिमेकडची गाडी पकडली, असे म्हणतात.

सुमेधा

मालडबा, हा वाक्प्रचार अनुवादात आला तर काय कराल? आपल्याकडे यमाची दिशा दक्षिण. ‘दक्षिणेची गाडी पकडली’ म्हटले तर मराठी वाचकाला एका क्षणात कळेल.

वात्रटवारा

कळेल, परंतु सांगली-मिरजेच्या वाचकांना वाईट वाटेल.

निवृत्त_गार्ड

पश्चिमच ठेवा. त्यांच्याकडे पश्चिमेला मोकळी जमीन, फळबागा आणि उबदार हवा होती. मरणाऱ्या माणसाला बऱ्या ठिकाणी धाडले आहे, ते बदलू नये.

रेखाटणकार

मी चिन्हांविषयी लिहितो, कारण मला त्यांचेच आकर्षण आहे. होबो कुंपणावर किंवा भिंतीवर खडूने खुणा करून मागून येणाऱ्यांना निरोप ठेवीत. मांजराचे चित्र म्हणजे इथली बाई दयाळू आहे. अशा पन्नासेक खुणांचा तक्ता मी उतरवून घेतला आहे. चित्रलिपीच म्हणा ना.

तर्ककठोर

तक्त्यावर जरा संशय घ्या. त्यांतल्या बहुतेक खुणा वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून फिरत आलेल्या आहेत, भिंतीवर प्रत्यक्ष सापडलेल्या फार थोड्या. आणि व्यवहाराने पाहा. चांगल्या घरावर खूण केली तर दुसऱ्या दिवशी तिथे वीस जण जेवायला उभे राहतील आणि ते घर कायमचे बंद होईल.

मालडबा

खऱ्याखुऱ्या सापडतात त्या टोपणनावांच्या खुणा. इंजिने पाणी घेण्यासाठी थांबत त्या टाक्यांवर होबो आपले टोपणनाव, तारीख आणि दिशा चाकूने कोरून ठेवीत. लंडन यांना माँट्रियलजवळ ‘स्कायसेल जॅक’ असे नाव, जहाजाच्या शिडाचे चित्र आणि पश्चिमेकडे निघाल्याची १५ सप्टेंबर १८९४ ही तारीख कोरलेली दिसली. तो एक दिवस पुढे होता. मग टाकीमागून टाकी वाचत, कधी मागे पडत तर कधी नकळत पुढे जात, त्यांनी संपूर्ण कॅनडाभर त्याचा पाठलाग केला. व्हँकूव्हरला पोहोचल्यावर कळले की तो जहाजावर चढून निघून गेला. दोघांची भेट झाली नाही ती नाहीच.

मीनलताई

यात बायका कुठेच नाहीत का?

शिकागोतला_पुणेकर

होत्या, पण थोड्या, आणि पुष्कळशा पुरुषी कपड्यांत. एका स्त्री होबोचे आत्मकथन म्हणून १९३७ साली गाजलेले पुस्तक मात्र शिकागोचे डॉक्टर बेन राइटमन यांनी लिहिलेले आहे. ती बाई कल्पित आहे. लहान मुलांविषयी खरे सांगायचे तर चित्र भयंकर आहे. मोठे पुरुष रस्त्यावरच्या मुलांना ताब्यात घेऊन भीक मागायला लावीत आणि त्यांचे लैंगिक शोषण करीत, आणि यासाठी त्यांच्या भाषेत रुळलेले शब्द होते. १९२९ नंतरच्या महामंदीच्या काळात घर सोडून मालगाड्यांवर फिरणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींची संख्या अडीच लाखांच्या घरात सांगितली जाते. १९३२ या एका वर्षात सदर्न पॅसिफिक कंपनीने सुमारे ६ लाख ८३ हजार वेळा माणसांना गाडीतून उतरवले.

अर्धविराम

मालगाडी सर्वांना सारखीच मोकळी नव्हती, हेही कुणीतरी नोंदवायला हवे. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात एका मालगाडीवर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांची मारामारी झाली. पेंट रॉक येथे गाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवले गेले, आणि त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. पंधरवड्याच्या आत त्यांपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. फाशी टळली, पण त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. त्या तरुणींपैकी एकीने पुढे साक्ष फिरवली. त्या दिवशी गाडीवरचे सगळेच कामाच्या शोधात होते आणि सगळेच विनातिकीट होते.

तर्ककठोर

अर्धविराम, हे मला ठाऊक नव्हते. फुकट्या हा शब्द मी मागे घेतो, निदान या नऊ जणांपुरता.

ओमाहाची_लेक

मग हे सगळे संपले कशाने, असा प्रश्न मी तिथल्या आजोबांना विचारला होता. ते म्हणाले, पाण्याने. वाफेच्या इंजिनाला थोड्या थोड्या अंतरावर पाणी लागायचे, गाडी थांबायची आणि माणूस चढायचा. डिझेल आले आणि गाड्या न थांबता पुढे जाऊ लागल्या. कापणीयंत्राने शेतातले काम आधीच नेले होते. आमच्याच राज्यात नॉर्थ प्लॅटला सुमारे आठ मैल लांबीचे यार्ड आहे, आणि मनोऱ्यावरून ते पाहता येते. मी तासभर उभी होते. एकावर एक रचलेले बंद कंटेनर जात होते. उघड्या दाराचा एकही डबा दिसला नाही.

वाचनमात्र_वैशाली

मी या संस्थळावर सहसा लिहीत नाही, पण मूळ प्रश्न मागे पडलेला दिसला म्हणून लिहिते. तुम्ही सगळे एक शब्द शोधत आहात. वरच्या प्रतिसादांतून मला असे दिसते की तिथेही एक शब्द नव्हता. न्यायाधीशाच्या तोंडी ‘भणंग’ अगदी शोभेल, कारण पंधरा सेकंदांत त्याला तेवढेच दिसणार. मजूर पुरवणारा दलाल ‘गडी’ म्हणेल. दारात भाकरी देणारी बाई ‘वाटसरू’ म्हणेल. ते स्वतः एकमेकांना ‘होबो’ म्हणतील. लंडन यांची वाक्ये ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत, मग शब्दही ज्याचा त्याचा का नसावा?

मालडबा

वैशालीताई, आपण आणखी लिहीत जा. काल रात्री न्यायालयाचे प्रकरण अशा रीतीने पुन्हा लिहिले आणि संपादकांचा ‘भणंग’ त्यात आपोआप बसला. ते खूश, मीही खूश. निवेदनात ‘होबो’ तसाच ठेवला आहे आणि पहिल्या उल्लेखाला ‘कामासाठी रुळावर फिरणारे’ एवढे जोडले आहे. पश्चिमेची गाडी पश्चिमेलाच जाईल. शनिवारी मजकूर द्यायचा आहे आणि खिळीचा परिच्छेद अजून राहिला आहे.

निवृत्त_गार्ड

ती दोरी कसली होती, हे तेवढे सांगा. सुती असेल तर स्लीपरवर घासून चार-पाच मैलांत तुटेल, आणि वाचणाऱ्या रेल्वेवाल्यांना ते खटकेल.

मालडबा

घंटेची दोरी. गार्ड डब्यांतून ओढून इंजिनावरच्या माणसाला इशारा देत असे, ती.

निवृत्त_गार्ड

मग बरोबर आहे. ती जाड असते. आणि ‘आपटते’ लिहू नका, ‘ठेचत जाते’ लिहा. लोंबत्या कपलिंगचा आवाज मी ऐकला आहे.